लसीका ग्रंथी व कर्करोगाचे फलानुमान

शरीरातील ऊतकांमधून (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांमधून) निथळणारा लसीका हा द्रव गाळून पुढे रक्तप्रवाहाकडे सोडणाऱ्या लहान, घेवड्याच्या दाण्यासारख्या ग्रंथींना लसीका ग्रंथी म्हणतात. रोगाचा पुढील मार्ग व शेवट यांविषयी वैद्य जो अंदाज बांधतो त्याला फलानुमान म्हणतात. तोंड, स्तन, जठर, मोठे आतडे इ. अवयवांच्या कर्करोगात हा अंदाज बांधताना मूळ अर्बुदाच्या (गाठीच्या) आकारमानाइतकेच, किंबहुना पुष्कळदा त्याहून अधिक, महत्त्व शेजारच्या लसीका ग्रंथींत कर्ककोशिका पोहोचल्या आहेत की नाहीत याला असते. तोंडाच्या कर्करोगात मानेतील ग्रंथी बाधित झाली की रोगी वाचण्याची शक्यता साधारणपणे निम्म्यावर येते. ही गोष्ट दीर्घकाळ ज्ञात आहे. परंतु हाताला न लागणाऱ्या ग्रंथी आधीच काढून तपासल्याने रोग्याचे आयुष्य वाढते का, या प्रश्नाचा निर्णय तोंडाच्या कर्करोगापुरता एकविसाव्या शतकात व मुख्यतः मुंबईतील कामामुळे लागला.

मानवी शरीरात सु. ६०० लसीका ग्रंथी असून त्यांतील मोठा भाग मान, काख, जांघ, छाती व उदर यांत समूहाने आढळतो. प्रत्येक ग्रंथीभोवती संपुट (पातळ तंतुमय आवरण) असते. ग्रंथीकडे येणाऱ्या लसीका वाहिन्या संपुट भेदून त्याच्या लगेच खालच्या पोकळीत उघडतात. अर्बुदापासून सुटलेल्या कर्ककोशिका लसीकेबरोबर वाहत येऊन प्रथम याच पोकळीत अडकतात, तेथे वाढू लागतात व कालांतराने संपूर्ण ग्रंथी व्यापून संपुटाबाहेर पडतात. मूळ स्थानापासून दूर जाऊन वाढण्याच्या या क्रियेला स्थानांतर म्हणतात. शरीराच्या प्रत्येक भागाची लसीका ठराविक ग्रंथिसमूहाकडे वाहते, म्हणून स्थानांतर कोठे शोधावे हेही बऱ्याच अंशी ठरलेले असते. जीभ व गालाचे अस्तर यांची लसीका जबड्याखालील व मानेच्या वरच्या भागातील ग्रंथींकडे, स्तनाची मुख्यतः काखेकडे आणि पायाची जांघेकडे जाते.

लोकव्यवहारातील ज्ञान : हा संबंध सामान्य माणसाने शारीरविज्ञानाच्या पुष्कळ आधी टिपला होता. ग्रामीण महाराष्ट्रात, उदा., ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत, भाताच्या खाचरात वा रानात अनवाणी वावरणाऱ्या माणसाच्या पायात काटा मोडून जखम चिघळली की जांघेत दुखरी गाठ येते. तिला मराठीत अवधाण असे स्वतंत्र नाव आहे. जखम पायाला आणि गाठ जांघेत, यात कोणाला नवल वाटत नाही. काखेतील काखमांजरी व मानेतील गंडमाळा ही नावेही तशीच जुनी आहेत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची (गळा, काख इ. ठिकाणी माळेप्रमाणे येणाऱ्या गाठी), अर्बुद व गलगंड यांचा विचार एकाच अध्यायात केलेला असून त्यांची लक्षणे वेगवेगळी सांगितली आहेत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली तेव्हा त्या रोगाला मराठीत ग्रंथिक संनिपात हे नाव मिळाले, तेही याच गाठींवरून.

या लौकिक ज्ञानाची एक बाजू मात्र घातक ठरते. अवधाण दुखते, तापते आणि जखम भरली की जिरते. त्यामुळे दुखणारी गाठ रोगाची व न दुखणारी निरुपद्रवी, असा समज दृढ झाला आहे. कर्करोगाची ग्रंथी बहुधा याच्या उलट असते. ती सुरुवातीस दुखत नाही, हाताला टणक लागते आणि पुढे आजूबाजूच्या ऊतकांना चिकटून जागची हलत नाही. भारतात मानेतील गाठींचे क्षयरोग हे फार मोठे कारण असल्याने आणि किडलेल्या दातांमुळेही ग्रंथी सुजत असल्याने चाचपून केलेले निदान दोन्ही बाजूंनी चुकू शकते. सुजलेली प्रत्येक ग्रंथी कर्करोगाची नसते आणि हाताला न लागणारी प्रत्येक ग्रंथी निरोगी नसते. निर्णय शेवटी बारीक सुईने खेचून घेतलेल्या कोशिकांच्या किंवा काढलेल्या ग्रंथीच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीनेच होतो.

ऐतिहासिक विकास : गास्पारे आसेल्ली या इटालियन शारीरविज्ञांनी १६२२ मध्ये कुत्र्याच्या विच्छेदनात आतड्यांपासून निघणाऱ्या पांढऱ्या वाहिन्या पाहिल्या आणि लसीका तंत्राच्या अभ्यासास प्रारंभ झाला. कर्करोगाशी त्याचा संबंध स्पष्टपणे जोडण्याचे श्रेय फ्रेंच शस्त्रक्रियातज्ञ आंरी फ्रांस्वा ल द्रां (१६८५–१७७०) यांना दिले जाते. कर्करोग प्रथम स्थानिक असतो, लसीका वाहिन्यांमार्गे तो ग्रंथींत जातो आणि ग्रंथी बाधित झाल्यावर रोग्याविषयी फारशी आशा उरत नाही, असे मत त्यांनी १७५७ मध्ये मांडले. तोपर्यंत कर्करोग हा काळ्या पित्ताच्या प्रकोपाने होणारा सर्व शरीराचा रोग मानला जात असल्याने शस्त्रक्रियेला तात्त्विक आधारच नव्हता. तो आधार ल द्रां यांच्या मताने दिला. एकोणिसाव्या शतकात रूडोल्फ फिरखो (१८२१–१९०२) या जर्मन विकृतिविज्ञांनी ग्रंथी कर्ककोशिकांना काही काळ अडवून धरणाऱ्या गाळणीप्रमाणे असतात, असे प्रतिपादन केले. डाव्या जत्रुकाच्या (गळ्याजवळील आडव्या हाडाच्या) वर आढळणारी कठीण ग्रंथी उदरातील कर्करोगाची सूचक असते, हेही त्यांनी दाखविले.

गाळणी भरून वाहण्यापूर्वीच ती मूळ अर्बुदासह काढून टाकावी, हा या विचाराचा सरळ निष्कर्ष होता. अमेरिकेत विल्यम स्ट्यूअर्ट हॉल्स्टेड (१८५२–१९२२) यांनी स्तन, त्याखालील छातीचे स्नायू व काखेतील ग्रंथी एकसंध काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली व १८९४ मध्ये ५० रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध केला. मानेच्या बाबतीत हेच काम जॉर्ज वॉशिंग्टन क्राइल (१८६४–१९४३) यांनी १९०६ मध्ये १३२ शस्त्रक्रियांच्या आधारे केले. क्राइल यांच्या पद्धतीत ग्रंथींबरोबर मानेच्या बाजूचा मोठा तिरका स्नायू, अंतर्ग्रीवा नीला व खांद्याचा स्नायू हलविणारी अकरावी मस्तिष्क तंत्रिका (मज्जा) यांचाही बळी जाई. रोगी जगला तरी त्याचा खांदा पडे व हात वर उचलत नसे. पुढील काळात या रचना वाचवून फक्त धोक्याच्या भागातील ग्रंथी काढण्याच्या पद्धती विकसित झाल्या.

ग्रंथींच्या स्थितीवरून रोग्यांचे रीतसर वर्ग पाडण्याचे पहिले लक्षणीय उदाहरण लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील कथबर्ट ड्यूक्स (१८९०–१९७७) यांचे होय. गुदाशयाच्या कर्करोगाचे त्यांनी १९३२ मध्ये तीन वर्ग केले व ग्रंथी बाधित असलेले सर्व रोगी तिसऱ्या वर्गात घातले. ही विभागणी इतकी साधी होती की कोणत्याही प्रयोगशाळेत ती वापरता आली. फ्रान्समधील प्येर दन्वा (१९१२–९०) यांनी १९४३ ते १९५२ या काळात मूळ अर्बुद, ग्रंथी व दूरचे स्थानांतर या तीन घटकांवर आधारलेली सर्वसाधारण पद्धती तयार केली. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाने तिची पहिली पुस्तिका १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. टीएनएम या आद्याक्षरांनी ती आज जगभर ओळखली जाते.

ग्रंथी काढल्यानेच रोगी वाचतो, या गृहीतकाला पहिला मोठा धक्का अमेरिकन शस्त्रक्रियातज्ञ बर्नार्ड फिशर (१९१८–२०१९) यांनी दिला. १९७१ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या चाचणीत, काखेत गाठ लागत नसलेल्या १,०७९ स्त्रियांचे यादृच्छिक (चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, कोणाच्याही पसंतीविना) तीन गट पाडण्यात आले. एका गटात समूळ शस्त्रक्रिया करून काखेतील ग्रंथी काढल्या. दुसऱ्यात फक्त स्तन काढून प्रारण चिकित्सा दिली. तिसऱ्यात केवळ स्तन काढला आणि पुढे काखेत गाठ आली तरच तेथील ग्रंथी काढल्या. पहिल्या गटातील सु. ४० टक्के स्त्रियांच्या ग्रंथींत कर्करोग सापडला. म्हणजे तिसऱ्या गटातील जवळजवळ तेवढ्याच स्त्रियांच्या काखेत तो तसाच राहिला असला पाहिजे. असे असूनही २५ वर्षांनंतर तिन्ही गटांच्या आयुर्मर्यादेत लक्षणीय फरक आढळला नाही. स्तनाच्या कर्करोगात ग्रंथी पुढचे भवितव्य सांगते, पण ती काढल्याने ते बदलतेच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

आकड्यांच्या एका फसव्या गुणधर्माकडे अमेरिकन वैद्य अल्व्हन फाइनस्टाइन व त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये लक्ष वेधले. तपासणी अधिक सूक्ष्म झाली की पूर्वी ग्रंथी निरोगी मानलेले काही रोगी बाधित गटात जातात. निरोगी गटातील हे सर्वांत वाईट रोगी निघून गेल्याने त्या गटाची सरासरी सुधारते. बाधित गटात मात्र तेच तुलनेने बरे असल्याने त्याही गटाची सरासरी सुधारते. एकही रोगी अधिक काळ जगलेला नसतो, तरी दोन्ही गटांचे आकडे वाढलेले दिसतात. विल रॉजर्स या विनोदकाराच्या एका कोटीवरून याला नाव पडले आहे. वेगवेगळ्या रुग्णालयांचे वा वेगवेगळ्या दशकांचे आकडे शेजारी ठेवून काढलेले निष्कर्ष यामुळे संशयास्पद ठरतात. ग्रंथी तपासण्याचा खरा लाभ मोजायचा तर रोग्यांचे यादृच्छिक गट पाडून सर्वांचे आयुष्य मोजावे लागते.

मुंबईतील कार्य : परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. तेथील विकृतिविज्ञान विभागाची उभारणी वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी केली. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १,००० रोग्यांचा त्यांचा आढावा १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिमेत स्तन व आतडी यांचा कर्करोग प्रमुख, तर येथे तंबाखू, चुना व सुपारी चघळण्याच्या सवयीमुळे तोंडाचा. म्हणून येथील वैद्यांपुढे ग्रंथींचा प्रश्न आला तो मानेच्या रूपाने. १९६३ मध्ये भारतीय कर्करोग संस्थेने मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. ग्रामीण भागातील अशी पहिली नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे झाली.

प्रश्न असा होता : जिभेचे वा गालाचे लहान अर्बुद असलेल्या ज्या रोग्याच्या मानेत गाठ लागत नाही, त्याच्या मानेतील ग्रंथी अर्बुदाबरोबरच काढाव्यात की रोग्यावर नजर ठेवून गाठ आली तरच काढाव्यात? अशा सु. ३० टक्के रोग्यांच्या ग्रंथींत सुप्त कर्करोग असतो. सर्वांच्या ग्रंथी काढल्या तर उरलेल्या ७० टक्क्यांवर अनावश्यक शस्त्रक्रिया होते. न काढल्या तर ३० टक्क्यांना नंतर गाठ येते आणि ती वेळीच सापडली तरच पुढचे उपचार शक्य होतात. दोन्ही पक्षांचे अनुभवी तज्ञ होते व वाद अर्धशतकाहून अधिक काळ चालला. पॅरिसजवळील गुस्ताव्ह रूसी संस्थेची १९८० मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी ७५ रोग्यांची होती. टाटा स्मारक रुग्णालयातील १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेली जिभेच्या कर्करोगाची चाचणी ७० रोग्यांची होती. दोहोंतही निर्णायक फरक दिसला नाही; इतक्या कमी रोग्यांत तो दिसण्याची शक्यताही थोडीच होती. मुंबईच्या चाचणीतून एक उपयुक्त गोष्ट मात्र पुढे आली. अर्बुद जिभेत किती मिलिमीटर खोल गेले आहे यावरून ग्रंथींतील स्थानांतराचा अंदाज बांधता येतो.

याच रुग्णालयात अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मोठी चाचणी हाती घेतली. २०१४ पर्यंत तीत ५९६ रोगी दाखल झाले. पहिल्या ५०० रोग्यांचे विश्लेषण झाल्यावर फरक इतका स्पष्ट दिसला की देखरेख समितीच्या सूचनेवरून ती थांबविण्यात आली. त्यांपैकी २४५ रोग्यांच्या मानेच्या वरच्या व मधल्या भागातील ग्रंथी मूळ शस्त्रक्रियेच्या वेळीच काढल्या होत्या, तर २५५ रोग्यांवर केवळ नजर ठेवली होती. ३ वर्षांनंतर पहिल्या गटातील ८० टक्के व दुसऱ्यातील ६७·५ टक्के रोगी हयात होते. रोग न उलटता जगलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६९·५ व ४५·९ टक्के होते. ग्रंथी आधीच काढलेल्या दर ८ रोग्यांमागे एक मृत्यू टळतो, असा याचा अर्थ होतो. दुसऱ्या गटात नंतर आलेल्या गाठी बहुधा अधिक मोठ्या व संपुटाबाहेर पसरलेल्या आढळल्या. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांनी जगभरातील उपचारपद्धती बदलली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीने त्यांना दुजोरा दिला. ३ मिमी. किंवा त्याहून कमी खोल अर्बुदांत लाभ स्पष्ट झाला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

स्तनाच्या बाबतीत फिशर यांना मिळालेले उत्तर व मानेच्या बाबतीत मुंबईत मिळालेले उत्तर परस्परविरोधी वाटतात. त्याचे कारण दोन रोगांच्या स्वभावात आहे. स्तनाचा कर्करोग लवकर रक्तावाटे दूर पसरू शकतो आणि रोग्याचा मृत्यू बहुधा त्या दूरच्या प्रसाराने होतो. तोंडाचा कर्करोग दीर्घकाळ जत्रुकाच्या वरच राहतो आणि मान हीच त्याची रणभूमी असते. तेथे गमावलेले सहसा परत मिळत नाही.

शहापूर व मुरबाड येथील परिस्थिती : या चाचणीत नजर ठेवण्याच्या गटातील रोग्यांनाही काटेकोर फेरतपासणी मिळत होती, पहिले ६ महिने दर ४ आठवड्यांनी त्यांची मान तपासली जाई. एवढ्या देखरेखीतही तो गट मागे पडला. ही देखरेख नसते तेथे नजर ठेवण्याला अर्थ किती उरतो, हे ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागावरून समजते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात राहिलेल्या तालुक्यांपैकी शहापूर व मुरबाड हे डोंगराळ असून तेथे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली या जमातींची वस्ती मोठी आहे. मुंबईला पाणी पुरविणारे तानसा व भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. आसनगाव ते कसारा या स्थानकांमुळे शहापूरच्या काही गावांना रेल्वेने मुंबई गाठता येते. मुरबाड तालुक्यात मात्र रेल्वे नसल्याने एस. टी. ने कल्याणला येऊन पुढे जावे लागते. डोंगरपाड्यांवरून त्याआधी पायवाट असते ती वेगळीच. पावसाळ्यात भाताची आवणी व पुढे कापणी, आणि दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबांचे वीटभट्ट्यांवर स्थलांतर, अशा वर्षात दर महिन्याला परळला जाण्यासाठी मजुरी बुडवणे रोग्याला परवडत नाही. तोंडात तंबाखू-चुना धरणे, विडी ओढणे व स्त्रियांमध्ये दातांना मशेरी लावणे या सवयी तेथे सर्रास आढळतात. म्हणजे रोगाचे कारण हाताशी आणि तपासणी दूर. अशा रोग्याने एकदा रुग्णालय गाठले असेल तर त्याच खेपेस मानेचा निर्णय लावणे हे शास्त्राला धरून तर आहेच, त्याच्या परिस्थितीलाही धरून आहे. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय व प्राथमिक आरोग्य केंद्रे येथे तोंड उघडून पाहणे व मान दोन्ही हातांनी चाचपणे याला कोणतेही उपकरण लागत नाही. तोंडातील न भरणारा व्रण किंवा ३ आठवड्यांहून अधिक टिकलेली, न दुखणारी गाठ आढळल्यास रोग्याला पुढे पाठविणे आवश्यक असते.

आधुनिक प्रवृत्ती : सर्व ग्रंथी काढण्याऐवजी ज्या ग्रंथीकडे अर्बुदाची लसीका प्रथम जाते ती एकच शोधून तपासावी, हा विचार रामोन काबान्यास यांनी १९७७ मध्ये शिश्नाच्या कर्करोगासाठी मांडला. तिला पहारेकरी ग्रंथी म्हणता येईल. अनवाणी चालणाऱ्या लोकांत जांघेतील ग्रंथी जंतुसंसर्गानेही मोठ्या असतात, त्यामुळे या रोगात केवळ चाचपणीवर विसंबणे विशेष धोक्याचे असते. १९९२ मध्ये डॉनल्ड मॉर्टन यांनी त्वचेच्या कृष्णकर्करोगात निळा रंग टोचून ही ग्रंथी शोधण्याची पद्धत वर्णन केली. स्तनाच्या कर्करोगात ती लवकरच प्रचारात आली व हजारो स्त्रियांचे हात सुजण्याचे टळले. किरणोत्सर्गी द्रव्य व ते टिपणारे उपकरण सर्वत्र उपलब्ध नसते, म्हणून टाटा स्मारक रुग्णालयात काखेच्या खालच्या भागातील, पहिल्या आंतरपर्शुक-बाहू तंत्रिकेच्या खालील, मेद व त्यातील ग्रंथी काढून तपासण्याची सोपी पद्धत पडताळून पाहण्यात आली. ती पहारेकरी ग्रंथीच्या तपासणीच्या तोडीची आढळली. लहान रुग्णालयातील शस्त्रक्रियातज्ञालाही ती साध्य आहे.

काढलेल्या ग्रंथींचे मूल्यमापन आता केवळ ‘बाधित’ वा ‘निरोगी’ एवढ्यावर थांबत नाही. किती ग्रंथी काढल्या, त्यांतील किती बाधित, सर्वांत मोठी केवढी व संपुट फुटले आहे काय, याची नोंद विकृतिवैज्ञानिक करतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात किमान १२ ग्रंथी तपासल्याशिवाय ‘ग्रंथी निरोगी’ हा शेरा विश्वसनीय मानत नाहीत, कारण कमी शोधले तर कमीच सापडते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टीएनएम पद्धतीच्या आठव्या आवृत्तीत तोंडाच्या अर्बुदाची खोली व ग्रंथीचा संपुटबाह्य प्रसार यांना प्रथमच स्थान मिळाले. या दोन्ही गोष्टींची नोंद मुंबईतील विकृतिवैज्ञानिक त्यापूर्वीही करीत असत. तोंडाच्या लहान अर्बुदांत पहारेकरी ग्रंथीची तपासणी मानेतील ग्रंथी काढण्याइतकीच सुरक्षित आहे, असे फ्रान्समधील २०२० च्या व जपानमधील २०२१ च्या चाचण्यांतून दिसून आले. तथापि तिच्यासाठी लागणारी अणुवैद्यकाची सोय व ग्रंथीचे अनेक पातळ छेद घेऊन तपासणारी प्रयोगशाळा भारतात थोड्याच ठिकाणी आहे. त्यामुळे येथील बहुतेक रोग्यांच्या बाबतीत मूळ अर्बुदाबरोबरच मानेच्या वरच्या व मधल्या भागातील ग्रंथी काढून त्या तपासण्याची पद्धत चालू आहे.